कुठी होतं ते

गिरजाबाई टेकाम नाल्यात उतरली,
पदर कमरेला खोचून, हातात उपटलेली बेशरम,
आणि मला म्हणाली:
"तूच काढले ना झाडं? मंग तुलेच ठावं असन
कुठी होतं ते."

चार जण हसले. मी नाही.

कागदावर नाव करंजी नाला,
आणि पुलापासून मसणवटीपर्यंत करंज एकही नाही.
आठ उन्हाळ्यांआधी मी इथं पोकलेनवर होतो.
तासाचे पैसे.
साहेब म्हणाले, सरळ घे. मी सरळ घेतला.
पट्टीनं ओढल्यासारखा निघाला नाला,
आणि पहिल्याच पुरात दोन्ही काठ बसले
उबाळेंची तूर घेऊन.
मग बेशरम आली.
तिला कुणी लावावं लागत नाही.

मशीनवरून झाड कसं दिसतं, सांगू?
दिसत नाही. लागतं, लिव्हरमधून, मनगटाला.
बाभूळ झटक्यात येते.
करंज आधी हो म्हणतो,
मग खालून कुणी तरी धरून ठेवतं.
म्हणून एकेक जागा आठवते मला.
डोक्याला नसेल. मनगटाला.

मी पुढं चाललो, गाव मागून.
आठवीतला विहान चुन्याची फक्की टाकत.
इथं एक. इथं जोडीनं दोन.
इथं अर्जुन, पांढऱ्या सालीचा, त्याच्या ढोलीत घोरपड होती,
ती कुठं गेली ते मी पाहिलं नाही.
इथं जांभूळ. इथं शिंदीचं बेट.
इथं, वळणावर…
"वळन कुठी हाय?" विहान म्हणाला.
खरंच की. तेही मीच काढलं होतं.

इथं उंबर होता, म्हटलं,
आणि उंबराखाली शेंदराचा दगड.
मी खाली उतरलो होतो, हात जोडले होते,
दगड उचलून काठावर ठेवला होता, नीट,
मग उंबर काढला.

कुणी काही बोललं नाही.
खालच्या अंगाला टिटवी ओरडत होती.
गिरजाबाईनं विचारलं, केवढा दगड?
मी हातांनी दाखवला.
"अवं माय! त्याच्यावर त मी
आठ सालापासून लुगडे धुतो!"
आणि अशी हसली की मलाही खाली बसावं लागलं.
"तरीच मनलं, मळ कसा लवकर सुटते."

पहिल्या साली निम्मी रोपं पुरानं नेली,
उरलेल्यातली निम्मी डोमाजीच्या शेळ्यांनी.
डोमाजी सभेला आला तो शिव्या खायच्या तयारीनं.
म्हणाला, भायेरून निरगुडी लावा,
तिले शेळी तोंड नाई लावत.
हे आधी नाही का सांगायचं, सरपंचबाई म्हणाल्या.
"इचारलं कोनं?"

तर आता बाहेर निरगुडी, आत करंज,
पाण्याच्या ओठाशी वाळा.
कुणी बघत नाही असं पाहून
मी वाळ्याचा एक बुडखा ओढून बघितला.
आधी हो म्हणाला.
मग नाही आला.

चौथ्या पावसानंतर गाळ साचला एका अंगाला,
पाणी थोडं अडलं, थोडं वळलं.
पट्टीची रेघ तिथं मोडली आहे, हातभर.
त्या मोडीत एक करंज उगवला,
जिथं आम्ही खड्डा केला नव्हता, चुनाही टाकला नव्हता.
वरच्या गावाची शेंग असेल, वाहत आलेली.
विहान वही घेऊन उभा:
"याले लिवाचं का आपल्यात?"
मला सुचलं नाही.
त्यानं लिहिलं, मग खोडलं, मग बाजूला समासात लिहिलं.

दगड पुन्हा उंबराच्या रोपाशी नेऊन ठेवला आहे.
रोप गुडघ्याएवढं, दगडच मोठा दिसतो.
गिरजाबाई आता पाच पावलं खाली धुते,
साध्या दगडावर,
आणि मी दिसलो की ओरडून सांगते,
मळ सुटत नाही म्हणून.